वाचले ते का वाचले?

[विज्ञानकथेचा लेखक आजच्या शास्त्राचे बोट धरून उद्याच्या जगात शिरतो. अशाच एका प्रसिद्ध कादंबरीतील काल्पनिक रोगाची आणि त्या रोगाचे कोडे उलगडू पाहणाऱ्या संशोधकांची हकीकत या पाठात सांगितली आहे. रोग काल्पनिक असला, तरी त्याचा माग काढण्याची रीत खरी आहे. ती रीत ध्यानात यावी, हा या पाठाचा हेतू आहे.]

एखाद्या गावात रोगाची साथ आली, की लोक प्रथम विचारतात, ‘किती माणसे दगावली?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्यात भय आहे, तशीच कळकळही आहे. परंतु साथीचे मूळ शोधावयास निघालेल्या मनुष्याला आणखी एक प्रश्न सुचावा लागतो. तो प्रश्न असा: ‘जे वाचले, ते का वाचले?’ हा दुसरा प्रश्न पहिल्याइतका सहज सुचत नाही. मात्र पुष्कळदा रोगाचे गुपित याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेले असते.

मायकेल क्रायटन या अमेरिकन लेखकाची ‘द अ‍ॅन्ड्रोमीडा स्ट्रेन’ ही कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. ती लिहीत असताना क्रायटन हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत होते. ‘स्ट्रेन’ म्हणजे जंतूचा वाण. अ‍ॅन्ड्रोमीडा हे आकाशातील एका तारकासमूहाचे पाश्चात्त्य नाव. त्याच तारकासमूहाला आपण देवयानी म्हणतो. कादंबरीतील संशोधकांना जो अज्ञात जंतू सापडतो, त्याला हे सांकेतिक नाव मिळाले आहे.

कथेचा आरंभ असा आहे. पृथ्वीच्या वातावरणाच्या अगदी वरच्या थरांत काही सूक्ष्म जीव आढळतात काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेचे सैन्य कृत्रिम उपग्रह सोडत असते. त्यांपैकी सातवा उपग्रह आपला मार्ग सोडून अ‍ॅरिझोना राज्यातील वाळवंटी प्रदेशात उतरतो. जवळच पीडमाँट नावाचे खेडे आहे. खेडे कसले, पन्नासही माणसांची वस्ती नसलेली ती एक वाडी! गावकऱ्यांना तो उपग्रह सापडतो. ते तो उचलून गावच्या डॉक्टरांकडे नेतात आणि डॉक्टर कुतूहलाने तो उघडतात. त्याच रात्री सारे गाव निपचित पडते.

उपग्रह परत आणण्यासाठी दोन सैनिक मोटारीने येतात. रस्त्यावर जागोजागी माणसे पडलेली त्यांना दुरून दिसतात. ते गावात शिरतात, आणि तळाशी रेडिओवरून चाललेले त्यांचे बोलणे मध्येच तुटते. पुढे काहीच ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टोन आणि बर्टन हे दोन शास्त्रज्ञ हवाबंद पोशाख चढवून गावात उतरतात. त्यांना दिसते ते विलक्षण असते. बहुतेक माणसे जेथे उभी होती तेथेच, छातीवर हात धरून कोसळली आहेत. शास्त्रज्ञ मृत डॉक्टरांच्या मनगटावर शस्त्र चालवून पाहतात, तो रक्ताचा थेंबही येत नाही! शरीरातील सारे रक्त गोठून त्याची पूड झाली आहे.

विद्यार्थ्यांनो, रक्त गोठणे ही वस्तुतः आपल्यावर निसर्गाने केलेली कृपा आहे. खेळताना गुडघा फुटला, तर थोड्याच वेळात रक्त थांबते आणि जखमेवर खपली धरते. रक्त जर गोठलेच नसते, तर लहानशा जखमेनेही प्राणावर बेतले असते. परंतु जी क्रिया जखमेच्या तोंडाशी उपकारक, तीच सर्व शरीरात एकाच वेळी घडली तर काय होईल? क्रायटन यांनी आपला काल्पनिक रोग या एका विचारातून उभा केला आहे. खऱ्या शरीरव्यापाराला किंचित मुरड घालून त्यांनी तो भयंकर केला. म्हणूनच वाचकाला तो खरा वाटतो.

स्टोन आणि बर्टन घरामागून घर पाहात जातात. सर्वत्र मृत्यूची शांतता असते. इतक्यात त्या शांततेत एक क्षीण आवाज त्यांच्या कानी पडतो. एका घरात एक तान्हे मूल भुकेने टाहो फोडत असते! त्याचे आईबाप गेलेले, शेजारीपाजारी गेलेले. आणि ते मात्र जिवंत, नुसते जिवंत नव्हे तर धडधाकट. थोड्याच वेळाने एक म्हातारा मनुष्यही अडखळत समोर येतो. सारे गाव मरून पडले असता वाचलेले जीव दोनच: एक तान्हे मूल आणि एक सत्तरीच्या घरातला व्याधिग्रस्त वृद्ध!

आता थोडे थांबून विचार करा. धट्टीकट्टी माणसे एका क्षणात गेली. मग रोगापुढे सर्वांत दुबळी असावीत अशी ही दोन माणसे कशी तगली? म्हाताऱ्यात आणि बाळात सारखे असे काय होते? कादंबरीचे सारे कोडे या एका प्रश्नात साठवले आहे.

त्या दोघांना आणि त्या उपग्रहाला नेव्हाडा राज्यातील एका गुप्त प्रयोगशाळेत आणण्यात येते. या योजनेचे नाव ‘वाइल्डफायर’, म्हणजे वणवा. ही प्रयोगशाळा भुईच्या पोटात, एकाखाली एक अशा पाच मजल्यांची आहे. जसजसे खाली जावे, तसतशी स्वच्छता अधिक कडक. वरच्या मजल्यावरचा एकही जंतू खाली जाऊ नये आणि खालचा एकही वर येऊ नये, अशी व्यवस्था तेथे केलेली असते. स्टोन व बर्टन यांच्या जोडीला लेव्हिट नावाचे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ आणि हॉल नावाचे शस्त्रवैद्य येतात. चौघे कामे वाटून घेतात. रोग कशाने होतो, हे तिघे शोधू लागतात. आणि त्या दोन जिवांची शुश्रूषा व तपासणी हॉल यांच्याकडे येते.

तिघांचे काम मोठ्या पद्धतशीरपणे चालते. उपग्रहातील हवा श्वासावाटे आत जाताच प्राणी मरतो, हे ते प्रयोगाने ठरवतात. रोगाचे कारण वायू नसून एक अतिसूक्ष्म कण आहे, हेही ते शोधून काढतात. शेवटी उपग्रहाच्या आत एका बारीकशा काळ्या खड्यावर त्यांना हिरवे ठिपके दिसतात. तोच तो जंतू! पण त्याची तऱ्हाच निराळी. पृथ्वीवरील प्रत्येक सजीवाच्या शरीरात प्रथिने असतात. या जंतूत प्रथिनांचा मागमूस नसतो. त्याची घडण स्फटिकासारखी, आणि कोणतीही ऊर्जा मिळाली की तो वाढतो. असा जीव प्रत्यक्षात कोणी पाहिलेला नाही. ही लेखकाच्या कल्पनेची भरारी आहे, हे विसरू नये.

इकडे हॉल यांचे काम दिसावयास साधे, पण फार अवघड असते. म्हाताऱ्याला पोटाच्या व्रणाचा जुना विकार असतो. दुखणे शमावे म्हणून तो अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या खात असे, आणि व्यसनापायी जाळण्याचे स्पिरिट पीत असे. स्पिरिट हे विष होय. त्याने मनुष्य आंधळा होतो व प्राणासही मुकतो. या दोन सवयींमुळे त्या वृद्धाचे रक्त नेहमीपेक्षा आम्ल झालेले असते. बाळाला मात्र ना व्याधी, ना व्यसन. त्याला एकच गोष्ट ठाऊक, ती म्हणजे रडणे. मग या दोघांची सांगड घालावी तरी कशी?

पुढे एक अपघात घडतो आणि बर्टन यांच्या खोलीत तो जंतू शिरतो. त्यांना बाहेर काढता येत नाही. भीतीने त्यांचा श्वास भराभर चालू लागतो. काचेपलीकडून ते पाहताना हॉल यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. बाळ रडत होते. म्हणजे तेही भराभर श्वास घेत होते!

याचा अर्थ नीट समजून घेऊ. आम्लात निळा लिटमस कागद तांबडा होतो आणि अल्कात तांबडा लिटमस निळा होतो, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला पाहिले असेल. आम्लता व अल्कता मोजण्याच्या मापाला ‘सामू’ म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याहून कमी तो आम्ल आणि जास्त तो अल्कधर्मी. निरोगी मनुष्याच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान, म्हणजे किंचित अल्कधर्मी असतो. कार्बन डायऑक्साइड वायू रक्तात विरघळला म्हणजे आम्लता वाढते. मनुष्य भराभर श्वास घेऊ लागला, की हा वायू नेहमीपेक्षा अधिक बाहेर पडतो आणि रक्त अधिक अल्कधर्मी होते. येथपर्यंतचे सारे खरे शरीरशास्त्र आहे.

आता लेखकाची कल्पना पाहा. त्यांचा अ‍ॅन्ड्रोमीडा जंतू ७.३९ ते ७.४२ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात वाढू शकतो. निरोगी माणसाचे रक्त बरोबर त्याच पट्ट्यात सापडते, म्हणून निरोगी माणसे मेली. म्हाताऱ्याचे रक्त पट्ट्याच्या एका बाजूला ढळले होते, तर रडून रडून बाळाचे रक्त दुसऱ्या बाजूला ढळले होते. दोघांत सारखे असे काहीच नव्हते. दोघे उलट दिशांना गेले होते. सारखेपणा शोधत बसलेल्या संशोधकांना म्हणूनच उत्तर सापडत नव्हते. दोघांत समान गोष्ट होती ती एकच: दोघेही ‘नेहमीसारखे’ नव्हते.

अपवाद पाहून मूळ शोधण्याची ही रीत केवळ कादंबरीतली नव्हे. १८५४ साली लंडनमधील सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची भयंकर साथ आली. ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दुर्गंधीने बिघडलेल्या हवेमुळे हा रोग होतो, असे त्या काळच्या बहुतेक वैद्यांचे मत होते. जॉन स्नो या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय होता. मृतांची घरे बहुतेक रस्त्यावरील एका सार्वजनिक पंपाजवळ होती. पण स्नो तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वाचलेल्यांचीही विचारपूस केली. जवळच निराधारांचे एक मोठे आश्रयगृह होते. त्यात ५३५ माणसे राहात. त्यांपैकी फक्त पाच दगावली. चौकशी करता कळले, की आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बिअर गाळण्याचा एक कारखाना होता. त्यातील सत्तरावर कामगारांपैकी एकही पटकीने मेला नाही. ते पंपाच्या पाण्याला शिवतही नसत.

उलट जातीचा एक अपवादही स्नो यांना सापडला. तेथून दूर, हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्ध स्त्री पटकीने मरण पावली होती. तिच्या आसपास साथ नव्हती. परंतु तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आवडे, म्हणून ते रोज बाटलीत भरून तिच्याकडे नेले जाई. हवा निराळी, पाणी मात्र तेच! ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती. पण पाण्यावरचा आरोप पुराव्याने भक्कम झाला. पटकीच्या जंतूवर रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी कलकत्त्यात संशोधन करून तो जगापुढे मांडला, तो १८८४ साली. म्हणजे जंतूची ओळख पटवून देण्याआधी तीस वर्षे, केवळ अपवादांकडे डोळसपणे पाहून, स्नो सत्याच्या दाराशी पोहोचले होते.

आता कादंबरीकडे पुन्हा वळू, कारण तिच्यात आणखी एक शिकवण आहे. वाइल्डफायर प्रयोगशाळेत लक्षावधी रुपये किमतीची यंत्रे होती. तरी चुका झाल्या त्या अगदी क्षुल्लक कारणांनी. पीडमाँट गावावर अणुबाँब टाकून जंतू जाळून टाकावा, असा सल्ला संशोधकांनी दिलेला होता. राष्ट्राध्यक्षांनी तो निर्णय लांबणीवर टाकला आणि तसा संदेश प्रयोगशाळेकडे पाठवला. संदेश आला की घंटा वाजावयाची. पण कागदाचा एक बारीक कपटा घंटेच्या टोल्यामध्ये अडकला होता. घंटा वाजलीच नाही, आणि महत्त्वाचा संदेश तसाच पडून राहिला. दुसरी गोष्ट लेव्हिट यांची. त्यांना अपस्माराचा विकार होता आणि तो त्यांनी सहकाऱ्यांपासून लपवला होता. जंतू कोठे वाढत नाही, हे दाखवणारे नेमके उत्तर यंत्राने त्यांच्यापुढे मांडले, त्याच वेळी त्यांचे भान हरपले आणि उत्तर निसटून गेले. आजार असणे हा दोष नव्हे. परंतु ज्यांचे प्राण आपल्या कामावर अवलंबून आहेत, त्यांच्यापासून तो लपवणे घातक ठरले.

बाँब पडला नाही हे कळल्यावर संशोधक प्रथम संतापतात. पण लवकरच त्यांच्या ध्यानात येते, की हा जंतू ऊर्जेवर वाढतो. अणुबाँबच्या प्रचंड ऊर्जेने तो मेला नसता; उलट त्याचा वणवा पेटला असता! ज्या विलंबाला ते दोष देत होते, त्यानेच अनर्थ टाळला होता. रोग काय आहे हे कळण्याआधी योजलेला उपाय कधी कधी रोगाहून भयंकर ठरतो, हे यावरून दिसते.

कथेचा शेवट गमतीचा आणि गंभीरही आहे. तोवर जंतूने आपले रूप पालटलेले असते. आता तो माणसाला मारीत नाही, तर प्रयोगशाळेच्या दारांच्या कृत्रिम रबरी पट्ट्या खाऊन टाकतो. बर्टन वाचतात. परंतु पट्ट्या विरघळताच प्रयोगशाळा आपोआप उडवून देणारे अणुयंत्र सुरू होते. ते बंद करण्यास अवघी तीन मिनिटे असतात. हॉल जिवावर उदार होऊन वरच्या मजल्याकडे धाव घेतात आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या सुमारास किल्ली फिरवून ते यंत्र थांबवतात. मनुष्याने जंतूवर जय मिळवला, असे मात्र म्हणता येत नाही. जंतू स्वतःच बदलला, म्हणून जग वाचले.

ज्या वर्षी ही कादंबरी निघाली, त्याच वर्षी माणसाचे पाऊल चंद्रावर पडले. नील आर्मस्ट्राँग, एडविन ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स हे २४ जुलै १९६९ रोजी पृथ्वीवर परतले. साऱ्या जगाला त्यांना डोक्यावर घेऊन नाचावयाचे होते; पण त्यांना काचेआड राहावे लागले. चंद्रावरून एखादा अज्ञात जंतू आला असेल तर? या शंकेने त्यांना १० ऑगस्टपर्यंत वेगळे ठेवण्यात आले. चंद्रावरच्या धुळीचा परिणाम उंदीर, पक्षी व वनस्पती यांच्यावर तपासण्यात आला. काहीही अपायकारक आढळले नाही. चंद्रावर जीवसृष्टी नाही अशी खात्री पटल्यावर, १९७१ सालच्या अपोलो १४ या मोहिमेनंतर ही पद्धत बंद झाली.

आपल्या देशातही वरच्या वातावरणातील जंतू गोळा करण्याचा प्रयोग झाला आहे. २००५ साली हैदराबादहून एक प्रचंड बलून सोडण्यात आला आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणण्यात आले. या संशोधनाचे नेतृत्व करणाऱ्यांत कोल्हापूर येथे जन्मलेले थोर शास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथालेखक डॉ. जयंत नारळीकर हे प्रमुख होते. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत ते नमुने तपासले गेले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. त्यांपैकी एका जातीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले, असे मात्र संशोधकांनी छातीठोकपणे म्हटले नाही. पुरावा जेवढा असेल तेवढेच बोलावे, हा शास्त्राचा संयम येथे दिसतो.

पीडमाँट हे गाव कल्पनेतले, ती साथही कल्पनेतली. परंतु टाहो फोडणाऱ्या त्या बाळाकडे, ‘हे का वाचले?’ अशा जिज्ञासेने पाहणारी दृष्टी कल्पनेतली नव्हे. ज्या गोष्टी नियमात बसत नाहीत, त्या पुष्कळ लोक बाजूला सारतात. शास्त्रज्ञ त्यांच्याचपाशी थांबतो. वर्गातील गणित असो, शेतातील कीड असो किंवा गावातील आजार असो. जेथे अपवाद दिसेल, तेथे थोडे थांबावे. सत्य तेथेच आपली वाट पाहात असण्याचा संभव फार असतो.

स्वाध्याय

१. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) पीडमाँट गावात कोण कोण वाचले?
(आ) कागदाच्या कपट्यामुळे काय घडले?
(इ) चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना वेगळे का ठेवण्यात आले?

२. कारणे सांगा :
(अ) म्हातारा आणि बाळ यांच्यात सारखेपणा शोधून संशोधकांना उत्तर सापडले नाही.
(आ) अणुबाँब टाकण्यास झालेला विलंब हितकारक ठरला.

३. हॅम्पस्टेड येथील वृद्ध स्त्रीच्या मृत्यूवरून जॉन स्नो यांनी कोणता निष्कर्ष काढला असेल, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. या पाठातील कोणत्या गोष्टी खऱ्या आहेत व कोणत्या काल्पनिक, त्यांच्या दोन याद्या तयार करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : जिवावर उदार होणे, डोक्यात प्रकाश पडणे, प्राणावर बेतणे, मागमूस नसणे.

६. निबंध लिहा : ‘मला आढळलेला एक अपवाद आणि त्याचे कारण.’